चालू करून पाहिले

१४ सप्टेंबर

चि. ठमीस,

आधी एकेकाची विचारपूस, मग कामाचं. तुझा खोकला थांबला का? आक्काचे गुडघे काय म्हणतात? ती तुझी आई असली तरी माझी बहीण आधी, म्हणून हक्कानं सांगतो, पाण्याची बादली तिला उचलू देऊ नकोस. डॉक्टरांचा रक्तदाब कोणी मोजतं, की ते जगाचाच मोजत बसतात? कोठीच्या कारकुनांचा दमा? दूधगाडीच्या ड्रायव्हरची कंबर? आणि डॉक्टरांच्या खोलीतला तो खुळखुळणारा पंखा अजून फिरतोय ना? त्यालाही मी माणसांतच धरतो.

आमचं म्हणशील तर डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. तीन महिने पडद्याकडे बघायचं नाही, असा हुकूम आहे. कान तर आधीच गेलेत. फोनवर तू बोललीस तरी मला नुसता वारा ऐकू येतो. म्हणून हे कागदावरचं बोलणं, तेही जाड पेनानं. मामी म्हणते, तुमचं पत्र समोरच्या गच्चीवरून वाचता येईल.

आता कामाचं. घाटातल्या अठरा उपकेंद्रांचे कॉम्प्युटर सव्वीस वर्षं मी सांभाळले, आता ते तुझ्या गळ्यात. तुला ठाऊकच आहे, तरी म्हाताऱ्याला पुन्हा सांगू दे. वर नर्सबाई पेशंटच्या छातीला वायरी लावतात, हृदयाचा आलेख निघतो, तो खाली डॉक्टरांना दिसतो, आणि ते सांगतात, घरी पाठवा की गाडीत घालून आणा. नोव्हेंबरच्या मध्यावर बर्फानं घाट बंद झाला की मार्चपर्यंत गाडी नाही. मग ते मशीन बोललं तरच वरच्यांना डॉक्टर आहे. नवी अठरा मशिनं आली, असं आक्कानं कळवलं होतं. ती वर गेली का? कळव. इथे दिवस मोठे झालेत गं, डोळ्यावर पट्टी बांधून किती वेळ खिडकीत बसायचं?

तुझा मामा


३० सप्टेंबर

मामा,

साष्टांग नमस्कार. खोकला आहे. आईचे गुडघे आहेत तसेच, आणि बादली ती माझ्या पाठीमागे उचलतेच. पंखा फिरतोय. डॉक्टरांचा रक्तदाब सध्या माझ्यामुळे वाढलाय, तेच सांगायला बसले आहे.

मशिनं मी एकेक करून हातानं भरली नाहीत. लिनक्स बसताना जे प्रश्न विचारतं, भाषा कोणती, डिस्क कुठली, नेटवर्कचा पत्ता काय, त्यांची उत्तरं आधीच लिहून ठेवलेली तुमची फाइल वापरली. तुम्ही तिला उत्तरपत्रिका म्हणायचात, मीही तेच म्हणते. तिच्या शेवटी मी माझं एक काम जोडलं. तुम्ही प्रत्येक उपकेंद्रात जाऊन पत्ता हातानं टाकायचात, त्यात तुमचा सबंध उन्हाळा जायचा. माझं काम असं, की मशीन पहिल्यांदा सुरू झालं की कुठल्या पोर्टातली केबल जिवंत आहे ते त्यानं बघायचं, केबलच्या पलीकडच्या राउटरच्या डब्याकडून पत्ता मागायचा, तो कायमचा लिहून ठेवायचा, आणि मग हे काम आपलं आपणच पुसून टाकायचं. वरची वीज सारखी जाते, दर वेळी पत्ता बदलला तर डॉक्टरांना मशीन सापडणार नाही. म्हणून एकदाच.

तुमचा नियमही पाळला. चालू करून पाहिल्याशिवाय एकही मशीन हातातून सोडलं नाही. अठराही वर्कशॉपच्या टेबलावर लावली, अठराही छान बोलली. कोठीच्या फॉर्मवर ‘चालू करून पाहिले’ या रकान्यात अठरा सह्या केल्या आणि दूधगाडीनं वर पाठवली. जुनी परत आणून मोडीतही काढली.

त्याला आठ दिवस झाले. एकही बोलत नाही. वर प्रत्येक गावात फोन एकच, तोही पोस्टात, आणि मशीन उपकेंद्रात. नर्सबाई पोस्टात येऊन सांगतात, दिवा लागतो, पडदा उजळतो, पण खाली काही जात नाही. याच्यापुढे त्या तरी काय सांगणार? मला झोप नाही. मोठ्या अक्षरात लिहिलंय, डोळ्याला ताण देऊ नका.

ठमी


५ ऑक्टोबर

चि. ठमीस,

पत्र वाचलं आणि खरं सांगतो, जरा तरतरी आली. इतक्या दिवसांनी कोणीतरी मला मामीच्या औषधांखेरीज दुसरं काही विचारलं.

घाबरू नकोस. मला दिसतंय काय झालंय ते. जुन्या मशीनला नेटवर्कचं एकच भोक असायचं आणि लिनक्स त्याला सरळ शून्य नंबर द्यायचं. नव्यांना दोन असतात, आणि त्यांची नावं ती कुठल्या खाचेत बसलीत त्यावरून पडतात, लांबलचक, पाहुण्यांच्या गावासारखी. माझ्या उत्तरपत्रिकेत ते जुनं नाव कुठेतरी राहून गेलं असणार. मशीन एका दाराशी उभं आणि केबल दुसऱ्या दारात. सगळ्यात खालच्या उपकेंद्रात जा, केबल काढून दुसऱ्या पोर्टात घाल, लगेच बोलेल. पैजेवर सांगतो.

आणि दोन घास नीट खा. रिकाम्या पोटी मशीनजवळ बसलं की माणूस मशीनवर ओरडतो.

मामा


१४ ऑक्टोबर

मामा,

दूधगाडीनं पहिल्या उपकेंद्रात जाऊन आले. ड्रायव्हरच्या कंबरेला पट्टा आहे, प्रत्येक वळणाला तो तुमचं नाव घेतो, म्हणतो, मामा असताना गाडीत गप्पा असायच्या, तू तर नुसती डोंगराकडे बघतेस.

उपकेंद्राची खोली तुम्ही सोडली तशीच आहे. वजनकाटा, हिरवा पडदा, खिडकीत उकळलेल्या सुया गार करायची ती परात. केबल दोन्ही पोर्टांत घालून पाहिली. काही नाही. पोर्टाचा दोष नव्हता, जिवंत केबल मी जोडलेल्या कामानं बरोबर ओळखली होती. मग मशीनच्या पोटात शिरून बघितलं आणि कळलं. फारसं काही नाही, माझ्या हातून एक आकडा चुकला होता. चूक माझी. तिथलं दुरुस्त करून आले, ते आता बोलतंय.

उरली सतरा. वरच्या गावांना जायला एकेकाला दोन-दोन दिवस लागतात, आणि ड्रायव्हर म्हणतो, यंदा बर्फ लवकर दिसतंय. डॉक्टर काही बोलत नाहीत, हेच वाईट. काल त्यांनी नुसतं कॅलेंडर माझ्या टेबलावर आणून ठेवलं.

तुम्ही यात डोकं शिणवू नका. डोळ्याचं कसं आहे ते कळवा.

ठमी


१९ ऑक्टोबर

चि. ठमीस,

डोळा बरा आहे. डोकंही.

एक आकडा चुकला असता तर एक मशीन गप्प बसलं असतं, अठरा नाही. मामाला इतकं तरी कळतं. मी तुझं तीस तारखेचं पत्र काढून भिंगानं पुन्हा वाचलं. मामी ओरडत होती, मला ऐकू येत नव्हतं, बहिरेपणाचा तेवढाच फायदा. त्यात तू स्वतःच्या हातानं लिहिलंयस, मशीन पहिल्यांदा सुरू झालं की एकदाच पत्ता मागायचा आणि काम पुसून टाकायचं. आणि खाली चारच ओळींवर लिहिलंयस, अठराही टेबलावर चालू करून पाहिली.

म्हणजे त्यांचं ते ‘पहिल्यांदा’ आपण वर्कशॉपच्या टेबलावरच खर्च करून टाकलं. त्यांनी वर्कशॉपच्या डब्याकडून पत्ता घेतला, तोच आपला म्हणून कोरून ठेवला, आणि वर जाऊन ती बिचारी तिथे नसलेल्या डब्याला हाका मारत बसली.

ठमे, तुझं काम बरोबर होतं. माझा नियमही माझ्या काळात बरोबर होता, कारण तेव्हा पत्ता मी वर जाऊन टाकायचो. तू दोन्ही पाळलेस म्हणून पडलीस. आणि हे तुला त्या खोलीतच कळलं होतं. मामाला वाईट वाटू नये म्हणून आकडा चुकल्याचं लिहिलंस. तुझा स्वभाव आक्कावर गेलाय, ती पण ताप आला की ‘ऊन लागलंय’ म्हणते. पुन्हा असं करू नकोस. माझी चूक मला माझ्या पत्त्यावर पाठवत जा.

आता उपाय. तू सतरा ठिकाणी जाऊ नकोस, उत्तरपत्रिका पाठव. सतरा पेनड्राइव्ह कर, प्रत्येकावर त्या त्या उपकेंद्राचं नाव. नर्सबाईंनी तो लावायचा आणि बटण दाबायचं. मशीन कोणाला काही न विचारता सगळं पुन्हा बसवेल आणि स्वतःच बंद होईल. दिवा विझला की पेनड्राइव्ह काढायचा आणि दुसऱ्यांदा बटण दाबायचं. ते खरं पहिलं सुरू होणं, आणि ते तिथेच होऊ दे, त्यांच्या टेबलावर, त्यांच्या केबलवर.

मामा


२७ ऑक्टोबर

मामा,

रडले. त्याबद्दल एवढंच.

सतरा पेनड्राइव्ह तयार आहेत. मोडीतून एक जुनं मशीन उचलून त्यावर एक घालून पाहिला, दिवा विझेपर्यंत सगळं ठीक झालं. पुढचं इथे बघता येत नाही, कारण वरचा डबा आणि वरची केबल इथे नाही. म्हणजे खरी परीक्षा नर्सबाईंच्या हातात, मी नसताना. दिवसातून दहा वेळा वाटतं, गाडीत बसावं आणि जमतील तेवढी गावं स्वतः करून यावीत.

तेही सोडा. पार्सल कोठीतच अडकलंय. कारकून दमेकरी असले तरी नियमाला दम लागत नाही. म्हणाले, ‘चालू करून पाहिले’च्या रकान्यात सही नसेल तर वस्तू कोठीबाहेर जाणार नाही. मी म्हटलं, खोटी सही करणार नाही, हे चालू करून पाहण्याची वस्तूच नाही. त्यावर त्यांनी फॉर्म उलटा करून मला खालच्या कोपऱ्यातली तारीख दाखवली. बावीस वर्षांपूर्वीची, तुमच्या अक्षरात. “हा रकाना तुझ्या मामांनी आखलाय,” म्हणाले. “खोडायचा तर त्यांनी खोडावा. मी कोण?”

एक कोरा फॉर्म सोबत घातलाय. ड्रायव्हर म्हणतो, फार तर दहा-बारा दिवस घाट चालेल. मामा, मी काय करू?

ठमी


१ नोव्हेंबर

चि. ठमीस,

सोबत कारकुनांच्या नावे चिठ्ठी आहे आणि तू पाठवलेला फॉर्म. रकान्यावर मी माझ्या हातानं आडवी रेघ मारून सही केली आहे. त्याच्या जागी असं लिहिलंय: ‘तिथे चालू केले – नर्सबाईंची सही.’ जोडीला दम्याचा एक काढाही लिहून दिलाय, तो ते करणार नाहीत, पण चिठ्ठी फाइलला लावतील. पार्सल त्याच दिवशी गाडीत चढव.

रेघ मारताना हात जड झाला, खोटं कशाला बोलू. एकदा एका गावात बंद पडलेलं मशीन पोचवून आलो होतो आणि तो हिवाळा तिथल्या लोकांनी कसा काढला ते पुढच्या मार्चमध्ये ऐकलं. त्यानंतर तो रकाना आखला. पण त्यापुढे सवयच लागली. प्रत्येक गोष्ट मीच आधी लावून बघायची.

तुला आठवतं, तुला पहिली नोकरी लागली तेव्हा मी तीन दिवस आधी जाऊन तुझी खोली लावली? नळ बघितला, दिवे बदलले, कुलूप घालून काढून पाहिलं, गॅसवर चहासुद्धा करून पाहिला. तू आलीस, दारात बॅग घेऊन उभी राहिलीस आणि म्हणालीस, “मामा, आता मी काय करू?” मी ते हसण्यावारी नेलं. गेले चार दिवस इथे खिडकीत बसून तेच ऐकू येतंय, आणि मला तर हल्ली काहीच ऐकू येत नाही.

गाडीत बसू नकोस. पार्सल पाठव आणि आपल्या टेबलाशी बस.

मामा


१३ नोव्हेंबर

मामा,

कारकुनांनी चिठ्ठी दोनदा वाचली, चष्मा पुसला, आणि पार्सल स्वतः उचलून गाडीपर्यंत आणलं. दहा पावलं चालून धापा टाकत होते.

नऊ तारखेपासून एकेक बोलू लागलं. दुसरं, तिसरं, मग एकदम चार. प्रत्येक बोललं की डॉक्टर येऊन भिंतीवरच्या कागदावर टिक करायचे आणि परत जायचे. खालच्या गावांतून सह्यांच्या चिठ्ठ्या दुधाच्या कॅनला बांधून आल्या. एकीनं लिहिलंय, ‘तिथे चालू केले. मीच केले. दोन्ही वेळा.’

अकराला घाट बंद झाला. सतरा बोलतात. सगळ्यात वरचं, अठरावं, बोलत नाही.

पेनड्राइव्ह तिथे पोचलाय, हे पोस्टमास्तरांनी फोनवर सांगितलं. पण बाईंनी तो पाकिटातून काढलेलाच नाही. त्यांचं म्हणणं पोस्टमास्तरांनी जसंच्या तसं सांगितलं, “वीस वर्षांत मामांनी मला बटणाला हात लावू दिला नाही. ते येतील आणि लावतील. मी बिघडवलं तर इथली माणसं मला विचारतील.” मी निरोपावर निरोप दिले. त्या म्हणतात, मुलगी नवीन आहे, तिला काय माहीत.

तिथे हृदयाचे तीन पेशंट आहेत. त्यातली एक पोस्टमास्तरांची बायको. आता गाडी नाही, मी नाही, तुम्हीही नाही. मी फार थकले आहे मामा.

ठमी


१७ नोव्हेंबर

चि. ठमीस,

त्या बाई मला चांगल्या आठवतात. उंच, कमी बोलणाऱ्या, सुईला हात कधी थरथरला नाही. मी मशीन उघडलं की त्या दोन पावलं मागे जाऊन उभ्या राहायच्या. एकदा त्यांनी हात पुढे केला होता. मी म्हणालो होतो, “असू दे बाई, तुम्ही कशाला त्रास घेता?” मला वाटायचं मी मदत करतोय.

हा निरोप पोस्टमास्तरांना फोनवर दे. त्यांना म्हणावं कागदावर उतरवून घ्या आणि बाईंच्या हातात द्या, तोंडी नको:

“बाई, मी येणार नाही. मला आता दिसत नाही आणि ऐकू येत नाही, मी आलो तरी तुम्हालाच विचारीन दिवा लागला का. तेव्हा मी हात लावू दिला नाही ही माझी चूक, तुमच्या हाताची नाही. नवजात मुलाच्या शिरेत सुई घालता ना तुम्ही? हे त्याहून सोपं आहे, आणि हे रडतही नाही. दोनदा बटण दाबायचं. बिघडलं तर नाव माझं सांगा, सगळ्या गावाला सांगा, मी लेखी देतो. – मामा.”

मामा


२४ नोव्हेंबर

मामा,

काल दुपारी डॉक्टरांच्या खोलीत मी पंखा दुरुस्त करत होते (खुळखुळ शेवटी असह्य झाली) आणि पडद्यावर अठराव्या उपकेंद्राचं नाव आलं. मी स्टुलावरून उतरलेच नाही, तिथूनच बघत राहिले. मग एक आलेख आला. पेशंटच्या नावाच्या जागी नर्सबाईंनी स्वतःचंच नाव घातलं होतं. चालतंय का ते बघायला दुसऱ्या कोणाला कशाला झोपवायचं, म्हणून वायरी स्वतःच्याच छातीला लावल्या होत्या.

डॉक्टरांनी नीट पाहिलं. सहा आठवड्यांत पहिल्यांदा माझ्याशी बोलले. “हृदय उत्तम आहे,” म्हणाले. “ठोके जरा जोरात पडताहेत. घाबरल्या असतील.” आणि तसंच त्यांना लिहून पाठवलं. दोन मिनिटांनी उत्तर आलं, घाबरले नव्हते, बटण दाबून आले होते.

तासाभरानं दुसरा आलेख आला, पोस्टमास्तरांच्या बायकोचा. औषध बदलावं लागलं. वेळेवर बदललं.

सहीची चिठ्ठी मार्चशिवाय येणार नाही. कारकुनांनी तिची जागा फाइलीत रिकामी सोडली आहे.

ठमी


३० नोव्हेंबर

चि. ठमीस,

पत्र मामीनं वाचून दाखवायचा प्रयत्न केला, मग वैतागून माझ्याच हातात दिलं. तीन वेळा वाचलं. आता उजव्या डोळ्याचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात. दमलोय गं, पण हा दमलेपणा बरा आहे, गादीला पाठ लागल्यासारखा.

उत्तरपत्रिकेच्या वर माझं नाव आहे ना, त्याच्या खाली तुझं घाल. आणि एक ओळ लिहून ठेव, पुढे जो कोणी येईल त्याच्यासाठी: ‘हे मशीन इथे चालू करू नये.’ कारण लिही, नाहीतर माझ्यासारखा कोणी तरी प्रेमानं लावून बघेल.

मार्चमध्ये घाट उघडला की मला दूधगाडीत घाल आणि अठराव्या उपकेंद्रात ने. मी कशाला हात लावणार नाही. बाईंच्या मागे दोन पावलं उभा राहीन, आणि त्यांना एकदा बंद करून पुन्हा चालू करून दाखवा म्हणेन.

तुझा खोकला, आक्काची बादली, डॉक्टरांचं कॅलेंडर, सगळं एकेक करून कळव. पोस्टमन इथे दुपारी तीनला येतो आणि मी अडीचलाच खिडकीत जाऊन बसतो, तेव्हा फार बसवू नकोस.

तुझा मामा